राजापुरात राहून, क्लास न लावता जीआरईची (परदेशात पदव्युत्तर शिक्षणाच्या प्रवेशासाठी देतात त्या परीक्षेची) तयारी होईल का? शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून झालं आहे.

होईल. मी गुहागरात राहूनच केली आणि माझंही माध्यम मराठीच होतं.

गणिताची धास्ती नको. अंकगणित, बीजगणित, भूमिती, थोडी सांख्यिकी; बहुतेक शाळेतलंच, आणि पडद्यावर कॅल्क्युलेटरही मिळतो. फसवतात ते दोन राशींची तुलना करायला लावणारे प्रश्न. एक्स म्हटलं की आपण धन पूर्णांक धरून चालतो. शून्य, ऋण संख्या, अपूर्णांक घालून पाहायची सवय लावा.

वेळ द्यायचा तो इंग्रजीला. बहुतेक जण शब्दांच्या याद्या पाठ करत बसतात. याद्या लागतात, पण रिकाम्या जागा भरताना दिशा कळते ती 'जरी', 'उलट', 'त्यामुळे' अशा अर्थाच्या जोडशब्दांवरून, आणि उताऱ्यात तुम्हाला काय माहीत आहे हे कोणी विचारत नाही. लेखक काय म्हणतो तेवढंच विचारतात. म्हणून रोज एक लांबलचक इंग्रजी लेख वाचायचा, शक्यतो ज्यात आपल्याला काडीचाही रस नाही असा, आणि त्याचा मुद्दा दोन ओळींत मराठीत लिहायचा. लिहिता आलं नाही तर लेख कळलेला नाही, मग शब्द सगळे ओळखीचे का असेनात. मला याचा यादीपेक्षा जास्त उपयोग झाला.

सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा १ तास ५८ मिनिटांची आहे आणि निबंध एकच, ३० मिनिटांचा. इंग्रजीच्या पहिल्या भागात १२ प्रश्नांना १८ मिनिटं. पहिला भाग कसा जातो त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते, तेव्हा सुरुवातीला रेंगाळू नका. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत; एकही प्रश्न कोरा सोडू नका. परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्या साइटवर पॉवरप्रेप नावाच्या दोन पूर्ण सराव चाचण्या फुकट आहेत. एक आत्ताच द्या, दुसरी शेवटच्या पंधरवड्यासाठी राखून ठेवा.

परीक्षा घरूनही देता येते, पण आपल्याकडे पावसाळ्यात तो जुगार खेळू नये. लाइट आणि नेट दोन्ही बेभरवशाचे. शिवाय खोलीत दुसरं कोणी आलेलं चालत नाही, आणि कोकणातल्या घरात बंद दार बघून चहा घेऊन येणारं कोणीतरी असतंच! कच्च्या कामाला साधा सुटा कागदही चालत नाही, छोटा व्हाइटबोर्ड किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या आवरणात घातलेला कागद लागतो. त्यापेक्षा केंद्रावर जा, आदल्या दिवशीच मुक्कामाला पोचा. पासपोर्ट नसेल तर आधी तो काढा, आणि नोंदणी करताना नाव त्यावर आहे अगदी तसंच लिहा.