आवड ऑपरेटिंग सिस्टिमची, वर्ग मशीन लर्निंगकडे

प्रश्न : मी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्गातले बहुतेक जण मशीन लर्निंगचे कोर्स करताहेत. मला ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय मनापासून आवडतो, पण त्यात नोकऱ्या नाहीत असं सगळे म्हणतात. सुट्टीत काय करू? (एक विद्यार्थिनी, कोथरूड)

उत्तर : नोकऱ्या आहेत. स्टोरेज, नेटवर्किंग, गाड्यांमधलं सॉफ्टवेअर ही कामं पुण्यात होतात. मात्र मुलाखत खोलात जाते, तिथे सर्टिफिकेटवर भागत नाही. म्हणून सुट्टीत एकच काम धर : सी भाषेत स्वतःचा शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, लिही.

लॅपटॉपवर लिनक्स टाक. आधी एक साधी कमांड चालव. फोर्कने शेलची प्रत असलेली नवी (चाइल्ड) प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, तिच्यात कमांडचा प्रोग्राम चढवणारा एक्झेक, मूळ प्रोसेसमध्ये ती संपेपर्यंत थांबणारा वेटपिड. कमांडचं नाव चुकलं की एक्झेक फसतो आणि त्याच्या पुढची ओळ चालू लागते. तिथे एक्झिट लिहिलेलं नसेल तर एकाच टर्मिनलवर दोन शेल चालू राहतात. डिरेक्टरी बदलणारी 'सीडी' चाइल्ड प्रोसेसमध्ये चालवून काहीच बदलणार नाही, कारण चालू डिरेक्टरी प्रत्येक प्रोसेसची स्वतःची असते. ती कमांड शेलमध्येच लिहावी लागते.

खरा कस लागतो तो पाइपला, म्हणजे दोन कमांड जोडणाऱ्या नळीला. एका कमांडचं आउटपुट दुसरीला जोडलं की बऱ्याच जणांचा प्रोग्राम नुसता थांबून राहतो, एररसुद्धा दिसत नाही. बहुधा पाइपचं लिहायचं टोक शेलमध्ये उघडं राहिलेलं असतं. ते एकाही प्रोसेसकडे उघडं आहे तोवर वाचणाऱ्याला डेटा संपल्याचं कळत नाही. चाइल्डमध्ये डुप-टूने पाइपचं टोक कमांडच्या इनपुट वा आउटपुटला जोडल्यावर आणि शेलमध्ये दोन्ही फोर्क झाल्यावर, सगळीकडे पाइपची मूळ दोन्ही टोकं बंद कर.

दुसरी चूक उशिरा सापडते. पहिल्या चाइल्डसाठी वेटपिड करून मगच दुसरा सुरू केलास तर छोट्या आउटपुटला सगळं सुरळीत चालतं. पण लिनक्सवर पाइपची क्षमता सहसा 64 केबी असते. ती भरली की लिहिणारा थांबतो, शेल त्याची वाट बघतो, आणि वाचणारा तर अजून सुरूच झालेला नसतो. मोठी फाइल देऊन हे मुद्दाम घडवून बघ. एसट्रेस हे साधन लावलंस की कोण कुठल्या सिस्टिम कॉलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेल्या मागणीवर, अडकलंय ते दिसेल. डेडलॉकची, म्हणजे एकमेकांची वाट बघत सगळे अडकण्याची, व्याख्या मुलाखतीत सगळेच सांगतात. स्वतःच्या प्रोग्राममधलं असं अडकणं उलगडून सांगणारी मुलगी वेगळी उठून दिसते.

वेळ उरला तर एमआयटीत शिकवण्यासाठी लिहिलेली एक्सव्ही-सिक्स ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम उघड. तिचा कर्नल, म्हणजे गाभा, दहा हजार ओळींच्या आत आहे. त्यात एक सिस्टिम कॉल वाढव.

मशीन लर्निंग पेपरपुरतं नीट कर, तेवढं पुरे. पदवीनंतर लगेच जागा मिळाली नाही तर सी-डॅक या सरकारी संस्थेचा एम्बेडेड सिस्टिम्सचा (यंत्रांत बसवलेल्या संगणकांचा) पदव्युत्तर डिप्लोमा पुण्यातच करता येतो. त्याच्या सी-कॅट प्रवेश परीक्षेत सी आणि ऑपरेटिंग सिस्टिम येतातच, त्यामुळे सुट्टीतला हा अभ्यास तिथेही कामी येईल.