घरात १०० एमबीपीएसचं फायबर, मग बेडरूममध्ये १५-२०च का? मोडेम, राउटर, ओएनटी, फाइव्ह जी म्हणजे नेमकं काय?

तुमची तक्रार थोडक्यात अशी: कोथरूडचा फ्लॅट, १०० एमबीपीएसचा प्लॅन, हॉलमध्ये ठीक चालतं, पण मागच्या बेडरूममध्ये मोबाइलवर स्पीड टेस्ट १५-२०च्या वर जात नाही. कस्टमर केअरवाला म्हणतो राउटर बदला, फाइव्ह जीवर टाका. आणि कंपनी आपल्याला फसवते का, अशी शंका.

मी छोट्या ऑफिसांची आणि दुकानांची नेटवर्कची कामं करतो. तिथेही हाच घोळ रोज भेटतो. घरापर्यंत येणारं नेट आणि घरात फिरणारं वायफाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्याचा राग लोक पहिल्यावर काढतात.

डक्टमधून जी बारीक वायर घरात येते ती फायबर. तिच्यातून वीज नाही, प्रकाश येतो. ती ज्या डब्याला लागते तो ओएनटी. प्रकाशाचे सिग्नल तो तुमच्या उपकरणांना समजतील असे करून देतो. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर हे काम मोडेम करायचा, म्हणून आजही सगळे त्याला मोडेमच म्हणतात. म्हणू देत. राउटरचं काम वेगळं: बाहेरून आलेलं एक कनेक्शन घरातल्या सगळ्या मोबाइल-लॅपटॉप-टीव्हीला वाटून देणं. वायफाय म्हणजे राउटरमधला रेडिओ. हल्ली तिन्ही कामं एकाच डब्यात असतात, त्यामुळे काय बिघडलंय ते कळत नाही.

डब्यावरचे दोन दिवे मात्र ओळखून ठेवा. ‘पॉन’ (फायबरच्या जोडणीचा दिवा) हिरवा आणि स्थिर हवा, ‘एलओएस’ बंद हवा. एलओएस लाल झाला तर प्रकाशच पोचत नाहीये: बाहेर कुठेतरी फायबर तुटली (रस्ते खोदणं हा आपल्याकडचा बारमाही उद्योग), नाहीतर सोफ्यामागे ती मुडपली गेली. दहा वेळा रीस्टार्ट करून काही होणार नाही, सरळ तक्रार नोंदवा.

आता स्पीड. डब्यातून लॅपटॉपला लॅन केबल लावा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा, मग टेस्ट घ्या. ९० ते ९५ दिसलं तर कंपनी पैशाइतकं देतेय, भांडण मिटलं. पूर्ण १०० दिसणार नाही, कारण १०० च्या पोर्टवर डेटाच्या वेष्टनाचा खर्च वजा जाता हाती साधारण ९४ राहतात. पुढे कधी २०० किंवा ३००चा प्लॅन घेतलात आणि आकडा नेमका ९४ला अडकला, तर कंपनीला फोन करण्याआधी केबलचा पारदर्शक प्लग उजेडात धरून आतल्या रंगीत तारा मोजा. गिगाबिटला (१०० च्या वरच्या, हजारपर्यंतच्या वेगाला) आठही लागतात. चारच असतील तर कॅट फाइव्ह ई किंवा कॅट सिक्सची केबल घ्या. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत विचारलंत तर लांबी सांगून करून मिळेल. आठही असतील तर डब्याचं पोर्टच १०० चं असेल.

केबलवरच ३०-४० येत असेल तर मात्र तक्रार खरी. माणूस आला की त्याला फायबरची पॉवर, म्हणजे पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, मोजायला सांगा. मीटरवर उण्यात आकडा येतो. उणे २० च्या आसपास असेल तर छान. उणे २७च्या पलीकडे गेला की जॉइंट किंवा वायर बघायला हवी.

डाउनलोड करताना ‘१२ एमबी’ दिसतं म्हणून दचकू नका. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, फाइल मेगाबाइटमध्ये. आठाने भागा: १०० चे साडेबारा.

राहिली तुमची बेडरूम. वायफायच्या नावापुढचं ‘फाइव्ह जी’ म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. मोबाइलच्या फाइव्ह जीशी त्याचा काही संबंध नाही. ५ वेगवान, पण दोन भिंतींतच दम टाकतं. २.४ लांब जातं, पण हळू, आणि तिथे गर्दी फार: एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच (१, ६ आणि ११), आणि सोसायटीतल्या प्रत्येक घराचा राउटर त्यांतच घुसलेला. मधे बाथरूमच्या टाइल्स आणि आरसीसी असेल तर १५-२०चं मला नवल वाटत नाही. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती तर विचारूच नका.

म्हणून आधी राउटर हलवा. बसवणारा तो डक्टजवळ दाराशी किंवा टीव्हीमागे ठेवून जातो, कारण त्याची वायर वाचते. घराच्या मध्यावर, पॅसेजमध्ये, उंचावर ठेवून बघा. तेवढ्याने भागलं नाही तर बेडरूमपर्यंत लॅन केबल ओढून दुसरा राउटर ‘अॅक्सेस पॉइंट’ मोडवर लावा, म्हणजे तो तिथे फक्त वायफाय देईल. माझं मत विचाराल तर हाच सगळ्यात पक्का उपाय. स्वस्तातला एक्स्टेंडर (वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा) शक्यतो नको, तो एकाच रेडिओवर घेतो आणि देतो, वेग निम्म्यावर येतो. मेश (मिळून एकच वायफाय देणारे दोन-तीन डबे) चांगलं, पण महाग.

बाकीचे शब्द पटकन. आयपी म्हणजे नेटवर्कवरच्या उपकरणाचा आकडी पत्ता. १९२.१६८ने सुरू होणारे आयपी पत्ते घरातल्या घरात चालतात. बाहेरचा पत्ता वेगळा, आणि तो बहुधा तुमच्या एकट्याचा नसतो: जुन्या पद्धतीचे पत्ते जगात जेमतेम ४२९ कोटी, म्हणून कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. दुकानाचा सीसीटीव्ही घरून थेट बघायचा असेल तर तो आडवा येतो; तेव्हा स्टॅटिक आयपी (न बदलणारा, तुमचा एकट्याचा पत्ता) मागा किंवा कॅमेऱ्याचं क्लाउड अॅप वापरा. डीएनएस साइटच्या नावावरून पत्ता शोधून देतं. दिवे ठीक असूनही साइट उघडत नसतील तर राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून बघा.

आणि गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते म्हणून मिनी यूपीएस (राउटरपुरती छोटी बॅटरी) घेणार असाल, तर आधी बघा की घरात फायबर येते की गच्चीवरच्या स्विचमधून (नेट अनेक घरांना वाटणाऱ्या डब्यातून) लॅन वायर. फायबरच्या वाटेतल्या स्प्लिटरला (एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या भागाला) वीज लागत नाही, त्यामुळे डबा चालू राहिला की सहसा नेट चालू राहतं. लॅन वायर असेल तर गच्चीवरचा स्विचही बॅटरीवर हवा, ते केबलवाल्याला विचारूनच पैसे घाला. अॅडॉप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय ना, तेही बघा. काही राउटर ९चे असतात.