द.सा.द.शे.मधला ‘दर’ कोणता?

जालन्याच्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, सरळव्याज शिकवताना ‘द.सा.द.शे.’ म्हणजे ‘दरसाल दरशेकडा’ असे सांगितल्यावर वर्गातल्या एका मुलीने उठून प्रश्न केला, ‘मॅडम, मोंढ्यातल्या (धान्यबाजारातल्या) फळ्यावर लिहितात तो दर आणि हा दर एकच का? आणि दरवाज्यातला दर?’ मुलीच्या कानाला दाद द्यायला हवी. दोन अक्षरांच्या या शब्दात मुळात वेगवेगळे असलेले निदान तीन शब्द एकरूप होऊन बसले आहेत. मुलीने विचारलेल्यांपैकी पहिले दोन, म्हणजे फळ्यावरचा आणि द.सा.द.शे.मधला, माझ्या मते एकाच घरचे आहेत; दरवाज्यातला मात्र परक्या कुळातला आहे.

दरवाज्यातला आधी पाहू, कारण त्याचे मूळ स्वच्छ आहे. फारसीत ‘दर’ म्हणजे दार. संस्कृत ‘द्वार’, इंग्रजी ‘डोअर’, जर्मन ‘ट्यूर’, रशियन ‘द्वेर’ ही सगळी त्याची सख्खी-चुलत भावंडे आहेत. आपले ‘दार’ संस्कृतातून प्राकृतमार्गे आले आणि ‘दरवाजा’ फारसीतून आला, म्हणजे एकाच पूर्वजाचे दोन वंशज वेगवेगळ्या वाटांनी येऊन मराठीत पुन्हा भेटले. दरवाजांचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, भडकल दरवाजाखालून जाताना मला हे हटकून आठवते. दरबार, दरवान आणि दर्गा हे याच दराचे. ‘दर्गा’ म्हणजे ‘दरगाह’, दाराची किंवा उंबरठ्याची जागा. परभणीच्या किंवा खुलताबादच्या दर्ग्यात उंबरठ्यावर माथा टेकणारा माणूस नकळत त्या शब्दाचा मूळ अर्थच आचरत असतो. ‘दरवाना’तले ‘वान’ हे फारसी ‘बान’, म्हणजे राखणारा. ते संस्कृत ‘पा’ (राखणे) या धातूच्या नात्यातले आहे, त्यामुळे ‘दरवान’ आणि ‘द्वारपाल’ यांची जडणघडण आतून सारखीच ठरते.

आता मुख्य मुद्दा. फारसीत आणखी एक ‘दर’ आहे आणि त्याचा अर्थ ‘मध्ये’ असा होतो. तो ‘अंदर’ या शब्दाचे आखूड झालेले रूप आहे आणि ‘अंदर’ हा संस्कृत ‘अंतर्’ आणि लॅटिन ‘इंटर’ यांचा भाऊबंद. मराठीतल्या ‘दरम्यान’मध्ये हा दर आहे, ‘दरकार’मध्ये आहे (मूळ ‘कामात’, त्यावरून ‘गरज’, त्यावरून ‘पर्वा’), आणि डिक्रीच्या अंमलबजावणीसाठी वकील दिवाणी न्यायालयात दाखल करतात त्या ‘दरखास्ती’तही हाच आहे.

द.सा.द.शे.मधला दरही हाच. मग ‘मध्ये’चा ‘प्रत्येक’ कसा झाला? याचे उत्तर ‘मजल दरमजल’ या आपल्या नेहमीच्या वाक्प्रचारात आहे. तोच शब्द दोनदा घेऊन मध्ये ‘दर’ ठेवायचा ही फारसीची लकब आहे: मजलीत मजल, म्हणजे एकीला लागून दुसरी, म्हणजेच प्रत्येक मजल. उर्दूत चक्रवाढ व्याजाला ‘सूद दर सूद’ म्हणतात, तेही याच घडणीचे: व्याजात व्याज. दुसरी वाट हिशेबाची. फारसीत टक्क्याला ‘दरसद’ म्हणतात, शब्दशः ‘शंभरात’. आपण त्यातले ‘सद’ काढून ‘शेकडा’ बसवला आणि ‘दर’ तसाच ठेवला, की झाले ‘दरशेकडा’. शंभरात दोन म्हणजेच प्रत्येक शंभराला दोन. हा अर्थ एकदा रुळल्यावर दररोज, दरमहा, दरसाल हे शब्द आपोआप उभे राहतात. ‘दरडोई’ तर मला फार आवडतो, कारण त्यात फारसी ‘दर’ खास मराठी डोईवर येऊन बसला आहे.

इथे हिंदीशी तुलना केली पाहिजे. हिंदी माणूस ‘हर रोज’ म्हणतो. ते ‘हर’ संस्कृत ‘सर्व’च्या कुळातले, ‘सप्त’चा ‘हफ्त’ होऊन आपल्याला ‘हप्ता’ मिळाला, तसाच इथेही स-चा ह झाला आहे. ‘हरएक’ आणि ‘हरतऱ्हा’ मराठीनेही घेतले, पण रोजच्या बोलण्यातली जागा ‘दर’लाच दिली. गुजरातीतही ‘दरेक’ आणि ‘दर’ यांचे असेच राज्य आहे.

या शब्दाच्या परकेपणाची एक खूण अजून शिल्लक आहे. मराठीत संबंध दाखवणारे शब्द नामाच्या मागून येतात: घरात, झाडाखाली, माणसागणिक. ‘दर’ मात्र फारसीच्या रीतीने पुढे उभा राहतो. आमच्याकडे म्हातारी माणसे ‘दर बेस्तरवारी (गुरुवारी) वारकऱ्याला जेवू घालायचं’ असे म्हणतात, तेव्हा शब्दाच्या आधी फारसीचा ‘मध्ये’ असतो आणि शेवटी ‘-ई’ या मराठी सप्तमीचा ‘मध्ये’ असतो.

राहिला मोंढ्यातला दर. आमच्या घरी आजोबांच्या पेटीत मोडीतला एक कर्जरोखा आहे, हाली रुपयांच्या, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या चलनाच्या, काळातला. त्यात ‘दरमहा दरशेकडा दीड रुपया दराने’ असे शब्द आहेत. एका ओळीत तीन दर, आणि पहिल्या दोघांकडून तिसऱ्याकडे जाण्याची वाट डोळ्यांसमोर. ‘दरशेकडा इतके’, ‘दरमणी इतके’ असे पिढ्यान्‌पिढ्या लिहिता लिहिता ‘दर काय?’ असे नुसते विचारले तरी पुरू लागले आणि मोजमापाच्या आधी लावायचा शब्द स्वतःच नाम झाला, अशी माझी समजूत आहे. मराठीत हे नाम पुल्लिंगी (दर वाढला), हिंदीत स्त्रीलिंगी, आणि उदगीरच्या पलीकडे कन्नडातही ‘दर’ याच अर्थाने चालतो. बोलताना शेतकरी बहुधा ‘सोयाबीनला काय भाव लागला?’ असेच विचारतो. ‘दर’ त्याला भेटतो तो आडत्याने दिलेल्या पट्टीवर, वजन आणि रक्कम यांच्या मधल्या रकान्यात. ‘प्रतिक्विंटल दर’ असे लिहिणाऱ्याने संस्कृत ‘प्रति’ आणि फारसी ‘दर’ असे मुळात एकच काम करणारे दोन शब्द एका ओळीत बसवलेले असतात. त्यात चूक काही नाही, कारण ‘दर’ आता पूर्ण नाम झाला आहे.

तिसरा दर संस्कृतातला, ‘दॄ’ म्हणजे फाडणे या धातूवरून आलेला; इंग्रजी ‘टेअर’ (फाडणे) याच नात्यातला. भेग आणि गुहा हे त्याचे अर्थ, आणि आपली ‘दरी’ त्यावरूनच आली. शंखालाही संस्कृतात ‘दर’ म्हणतात.

विद्यार्थ्यांना सांगताना दोन ठिकाणी जपावे. ‘तहसीलदार’, ‘वतनदार’ यांतला ‘दार’ दाराचा नव्हे. तो धारण करणारा, संस्कृत ‘धृ’च्या नात्यातला. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचा ‘दारुल तर्जुमा’ हा अनुवाद विभाग प्रसिद्ध होता, त्यातला ‘दार’ अरबी आणि अर्थाने ‘घर’; ‘दौरा’ त्याच अरबी धातूचा. आणि ‘दरवेशी’ म्हणजे दारोदार फिरणारा ही व्युत्पत्ती कितीही पटण्यासारखी वाटली, तरी अवेस्तेत, म्हणजे पारश्यांच्या प्राचीन धर्मग्रंथात, ‘द्रिगु’ म्हणजे गरीब असा शब्द आहे, त्याचेच पुढचे रूप ‘दरवेश’. त्या शब्दाला दरवाजा नंतर लोकांनी लावला.