चार फुटी रीफ टँकमध्ये कोणते रंगीत रॅस मासे ठेवावेत?

तुमचा 300 लिटरचा रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक, सहा महिन्यांचा आहे आणि दुकानदार सिक्सलाइन रॅस घ्या म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यात नका घेऊ. देखणा आहे, स्वस्त आहे, पण एकदा जागेवर हक्क बसला की नंतर येणाऱ्या प्रत्येक रॅसचा पिच्छा पुरवतो. मग त्याला बाहेर काढायला सगळे खडक उपसावे लागतात. हवाच असेल तर सगळ्यात शेवटी सोडा.

रॅस निवडताना रंगाआधी बघायचं ते हे, की तो रात्री झोपतो कुठे. फेअरी आणि फ्लॅशर या प्रकारचे रॅस खडकांच्या कपारीत, अंगाभोवती चिकट कोष करून झोपतात. त्यांना वाळू नसली तरी चालते. पिवळा कोरिस, मेलानुरस आणि लेपर्ड हे रॅस मात्र वाळूत शिरतात. त्यांना निदान दोन इंच बारीक वाळू लागते, भरड चुऱ्यात अंग सोलवटतं. टँकचा तळ उघडा असेल तर या तिघांचं नावच काढू नका. नवा आणलेला मेलानुरस दोन-चार दिवस वर आला नाही तर उकरत बसू नका, येतो तो. लेपर्डला दिवसभर खडकांवरचे कोपेपॉड (कोळंबीच्या कुळातले बारीक जीव) टिपायची सवय असते, त्यामुळे एवढ्या नव्या टँकमध्ये तो बहुतेक खंगतो.

या माशांना जठर नसतं. एकदाच भरपूर घालण्यापेक्षा मायसिस (कोळंबीसारख्या बारीक जीवांचं खाद्य) थोडं थोडं, दिवसातून दोन-तीनदा द्या.

आणि झाकण! रॅस उड्या मारतात, सगळेच. आपल्याकडे रात्री वीज गेली आली की दिव्याच्या झटक्याने घाबरून हमखास मारतात. पाव इंची जाळी ताणून बसवा. वायर आणि पाइपसाठी ठेवलेली फटसुद्धा बंद करा, बारीक फ्लॅशर तेवढ्यातूनही निसटतो.

तुमच्या जागी मी आधी पिवळा कोरिस घेईन, नंतर एक फेअरी नर आणि त्याच जातीच्या दोन माद्या. माद्या फिक्या दिसतात म्हणून लोक टाळतात, पण त्यांच्यासमोरच नर पंख फुलवून खरे रंग दाखवतो. नर न घेता दोन माद्याच घेतल्या तरी हरकत नाही, त्यांतली मोठी पुढे नर होऊ शकते.

निळा-काळा क्लीनर रॅसही दुकानात दिसेल. तो इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगतो, घरच्या टँकमध्ये त्याला तेवढी गिऱ्हाइकं मिळत नाहीत आणि बहुतेक वेळा उपाशी मरतो. तो घेऊ नका.