युरोपचे नियम, सोलापूरचा टॉवेल: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

रंगखात्याच्या पाण्यावर या सदरात लिहिल्यापासून पत्रांचा ओघ थांबलेला नाही. बहुतेकांचं म्हणणं एकच आहे: नियम युरोपवाल्यांनी करायचे आणि भुर्दंड आपण भरायचा. उमेदीची सगळी वर्षं मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत डाइंग मास्तर म्हणून काढली. त्यामुळे उत्तरंही रंगाच्या टाकीजवळून दिल्यासारखीच असतील. चार पत्रं निवडली आहेत.

प्रश्न: आमचे चोवीस माग आहेत. टॉवेल आणि नॅपकिन मुंबईच्या एक्स्पोर्टरमार्फत जर्मनी, हॉलंडला जातात. यंदा त्यांनी एनपीई या रसायनाची टेस्ट, ओको-टेक्सचं (कापडात घातक रसायनं नसल्याचं) सर्टिफिकेट आणि वापरलेल्या प्रत्येक केमिकलचा कागद मागितला. भाव मात्र एक पैसा वाढवून दिला नाही. पर्यावरणाच्या नावाखाली आमचा माल अडवायचा हा डाव नाही का? (एक कारखानदार, अशोक चौक)

डाव नाही. पण तुमची भावाची तक्रार शंभर टक्के खरी आहे. या दोन गोष्टी एकत्र केल्या की चर्चा भरकटते, म्हणून आधी डावाचं बघू.

एनपीई म्हणजे आपण ज्याला वेटिंग ऑइल म्हणतो, त्यातल्या स्वस्त प्रकारात असणारं रसायन. सूत उकळताना, धुताना घातलं की पाणी सुतात लगेच शिरतं. काम उत्तम करतं, पण नाल्यात गेल्यावर त्याचं विघटन होऊन नोनिलफिनॉल उरतं आणि ते माशांच्या हार्मोनमध्ये ढवळाढवळ करतं. युरोपने ते आधी स्वतःच्या कापड गिरण्यांना बंद केलं. निर्देश २००३ चा, अंमल जानेवारी २००५ पासून. तेव्हा इटलीतल्या, पोर्तुगालमधल्या गिरण्यांनी महागडं वेटिंग ऑइल घ्यायला सुरुवात केली. बाहेरून येणाऱ्या कापडावर मात्र बंदी नव्हती. ती आली ३ फेब्रुवारी २०२१ ला: धुण्यायोग्य कापडात वजनाच्या ०.०१ टक्क्याहून जास्त एनपीई चालणार नाही, म्हणजे किलोमागे १०० मिलिग्रॅम. मधली सोळा वर्षं तिथला गिरणीवाला महाग रसायन वापरत होता आणि आपण स्वस्त वापरून त्याच दुकानात माल विकत होतो. आपला टॉवेल तिकडच्या घरात पहिल्यांदा धुतला की तेच रसायन तिकडच्या नदीत जायचं. त्यांनी स्वतःला लावलेला नियम उशिरा आपल्याला लावला, इतकंच.

अ‍ॅझो रंगांचंही (कापडाला सर्रास लागणारे कृत्रिम रंग) तसंच. जर्मनीने १९९४ मध्ये त्यातल्या घातक रंगांवर बंदी घातली, तेव्हा सोलापुरात हाहाकार उडाला होता. आता धंदा बसला, असं जो तो म्हणत होता. १९९७ पर्यंत भारत सरकारनेही ११२ रंगांवर बंदी आणली, रंग कंपन्यांनी पर्याय दिले आणि टॉवेल जातच राहिले. बेन्झिडिनपासून बनणारे रंग मूत्राशयाचा कर्करोग करतात, हे रंग बनवणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांवरूनच जगाला कळलं होतं. ते डबे आमच्या गोदामातून गेले याचं मला आजही समाधान आहे. बर्लिनमधल्या गिऱ्हाइकाच्या आधी वाचला तो कोपरापर्यंत हात रंगात घालणारा आपला माणूस.

आता खर्चाचं. तुम्ही टेस्टचा खर्च धरला, बचत धरली नाही. शंभर किलो सूत घ्या. जुन्या उघड्या मशीनवर एका किलोला दहा लिटर पाणी, म्हणजे एका बाथला, टाकी एकदा भरायला, १,००० लिटर. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाला (तो सुतावर बसायला मीठ लागतं) लिटरमागे ६० ग्रॅम मीठ धरलं तर ६० किलो मीठ. तेच सूत किलोला सहा लिटर पाण्यात रंगवणाऱ्या मशीनवर घेतलं तर पाणी ६०० लिटर, मीठ ३६ किलो. उकळणं, ब्लीच, रंग, सोपिंग, साध्या धुलाया धरून आठ बाथ झाले तर एका लॉटमागे ३,२०० लिटर पाणी वाचलं. गरम बाथचं ४०० लिटर पाणी ३० अंशांवरून ८० ला न्यावं लागलं नाही, की कागदावरच बॉयलरमध्ये जाळायची पाच-सहा किलो ब्रिकेट वाचली. पाइपांची गळती धरली तर आणखी. ज्या गावात टँकर मागवून डाइंग चालतं तिथे हा हिशेब मालकाने रोज सकाळी करायला हवा. शिवाय मीठ एकदा पाण्यात विरघळलं की साध्या शुद्धीकरणात निघत नाही. जिवाणू रंगाचा काही भाग खातील, मीठ नाही. ते काढायला आरओ आणि बाष्पीभवन लागतं, आणि तिथे वीज-वाफेचा खरा खर्च आहे. म्हणून मीठ टाकीत जाण्याआधीच कमी करायचं.

तुमची खरी अडचण वेगळी आहे. सर्टिफिकेट, टेस्ट, कागद हा खर्च मागांच्या संख्येवर फारसा बदलत नाही. मानू की तो वर्षाला दोन लाख रुपये. चार लाख टॉवेल काढणाऱ्याला टॉवेलमागे ५० पैसे पडतात, चाळीस लाख काढणाऱ्याला ५ पैसे. नियम दोघांना सारखा, ओझं दहापट. हे जाणूनबुजून कोणी केलेलं नाही, पण परिणाम छोट्याला संपवणाराच होतो आणि याचा मला राग येतो. त्यावर उपाय एकट्याने होत नाही. दहा-बारा जणांनी मिळून एकाच डाइंगकडून, एकाच वेटिंग ऑइलवर सूत रंगवून घ्या. डाइंगवाल्याकडे स्वतःचं सर्टिफिकेट असलं की तुमच्या टेस्ट कमी होतात. आणि एक्स्पोर्टरला एवढं जरूर विचारा की ओको-टेक्स कायद्याने लागतं का? नाही लागत. ते खाजगी सर्टिफिकेट आहे, गिऱ्हाइकाची मागणी आहे. कायदा आहे तो रीच, म्हणजे युरोपचा रसायनांचा कायदा. जे कायद्याने लागतं ते तुम्ही सांभाळा. जे गिऱ्हाइकाला हौसेने हवं आहे त्याचे पैसे त्याने द्यावेत, असं लेखी मागा.

केमिकलच्या व्यापाऱ्याकडून ‘एक्स्पोर्ट क्वालिटी’ या दोन शब्दांवर माल उचलू नका. एनपीई नसल्याचा बॅचवार कागद मागा. विकत घेतलेल्या सुताच्या कांजीत आणि सॉफ्टनरमध्येही ते असू शकतं. तुमचा कारखाना स्वच्छ असूनही टॉवेल नापास होतो तो तिथेच.

हे सगळं टाळलं तर काय होतं, ते तमिळनाडूतल्या तिरुपूर या कापडाच्या गावाने भोगलं आहे. नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये तिथली डाइंग युनिटं बंद केली. शेकडो युनिटं एकदम थंड, कामगार गावाकडे परत. तो हुकूम युरोपीय संघाच्या ब्रसेल्समधून आलेला नव्हता. नदीकाठच्या शेतकऱ्यांनी मागितला होता, ज्यांची जमीन खारवली होती. नंतर सांडपाणी शुद्ध करणारे सामायिक प्रकल्प सावरले आणि आज तिथे बरंचसं पाणी आणि मीठ पुन्हा रंगाच्या टाकीत जातं.

प्रश्न: वर्गात विद्यार्थ्यांचे दोन तट पडलेत. एक म्हणतो, कडक पर्यावरण कायद्यांनी युरोपचे उद्योग बुडाले. दुसरा म्हणतो, त्यांनीच ते सुधारले. खरं काय? (अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका, होटगी रोड)

बाई, दोन्ही तट एकेका बाजूचे कारखाने मोजताहेत. युरोपची कार्बनची बाजारपेठ २००५ मध्ये सुरू झाली: जितका कार्बनचा धूर सोडायचा तितके परवाने कारखान्याकडे हवेत, आणि ते विकता-विकत घेता येतात. सुरुवातीला परवाने इतके वाटले की २००७ मध्ये भाव जवळजवळ शून्यावर आला. वर वीज कंपन्यांनी फुकट मिळालेल्या परवान्यांचा बाजारभाव ग्राहकांच्या बिलात लावून नफा कमावला. म्हणून २०१३ पासून वीज कंपन्यांना बहुतेक ठिकाणी परवाने लिलावात विकत घ्यावे लागले. पुढे जादा परवाने बाजारातून काढून ठेवायला लागले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये टनामागे भाव १०० युरोंवर पोहोचला. या बाजारातल्या कारखान्यांचा आणि वीज केंद्रांचा धूर २००५ च्या तुलनेत जवळजवळ निम्म्यावर आला.

कारखाने बुडाले का? पहिल्या काही वर्षांचे कंपनीवार आकडे ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या अभ्यासकांनी तपासले. २००५ ते २०१२ मध्ये नियमाखालच्या कंपन्यांचं उत्सर्जन सुमारे १० टक्क्यांनी घटलं, नफा आणि नोकऱ्यांवर लक्षात येण्याजोगा वाईट परिणाम दिसला नाही. पण विद्यार्थ्यांना हेही सांगा की त्या काळात भाव कमी होता आणि बरेच परवाने फुकट होते. १०० युरोंच्या भावाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही.

बुडाल्याची उदाहरणं द्यायची तर जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या बीएएसएफ या रसायन कंपनीचं नाव हमखास निघतं. २०२३ मध्ये त्यांनी तिथला अमोनियाचा एक प्लांट बंद करायचं जाहीर केलं. त्यामागे मोठा हात रशियाचा स्वस्त गॅस थांबल्याचा होता. गॅसचा भाव आणि पर्यावरणाचा नियम ही दोन बिलं वेगवेगळी ठेवली नाहीत, तर वर्गातली चर्चा कधीच संपणार नाही.

हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल पोर्टर यांनी १९९१ मध्ये मांडलं की नीट आखलेला कडक नियम कारखान्याला नासाडी शोधायला लावतो आणि खर्च भरून निघतो. पाणी, मीठ, वाफ यांबाबत मी हे टाकीजवळ उभं राहून पाहिलं आहे. चिमणीवर बसवायच्या यंत्राबाबत नाही. जर्मनीने १९८३ मध्ये मोठ्या वीज केंद्रांना गंधकाचा वायू धुऊन काढायला लावलं. ते यंत्र वीज खातं, मालकाला फारसं काही कमावून देत नाही. फायदा झाला तो जंगलांना, फुप्फुसांना आणि ती यंत्रं बनवणाऱ्यांना. समाजाला नफा आणि कारखान्याला तोटा, असंही असू शकतं. तरीही नियम बरोबरच असतो.

मला सगळ्यांत आवडते ती स्वीडनची रीत. १९९२ पासून तिथे मोठ्या बॉयलरांना नायट्रोजन ऑक्साइडच्या किलोमागे ४० क्रोनर आकार लावला, आणि जमलेला पैसा, प्रशासनाचा थोडा खर्च वजा करून, त्याच बॉयलरवाल्यांना त्यांनी दिलेल्या उपयुक्त ऊर्जेच्या प्रमाणात परत केला. धूर जास्त त्याचा खिसा रिकामा, धूर कमी त्याच्या हाती पैसे. उद्योगाबाहेर पैसा जात नाही, म्हणून विरोधही कमी. सोलापूरच्या डाइंगवाल्यांसाठी मिठाच्या पाण्यावर असा आकार कसा बसेल, हा तुमच्या मुलांना प्रोजेक्ट म्हणून द्या. मला वाचायला आवडेल.

प्रश्न: युरोपचा सीमेवरचा कार्बन कर आता सुरू झाला म्हणतात. चादर-टॉवेलला लागणार का? माझ्या भावाचं चिंचोळीला लोखंडी कामाचं युनिट आहे, त्याला? (एक वाचक, साखर पेठ)

हा कर म्हणजे बाहेरून येणारा माल बनवताना झालेल्या कार्बनच्या धुराची युरोपने घेतलेली किंमत. कापडाला सध्या नाही. सिमेंट, लोखंड-पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, खतं, वीज आणि हायड्रोजन एवढ्यांनाच. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून पैशाचा टप्पा सुरू झाला. पैसे युरोपातला आयातदार भरतो, पण वसूल तुमच्या भावाच्या दरातूनच करू पाहील. नट-बोल्ट, पाइप, लोखंडी सांगाडे यादीत आहेत; त्याने आपल्या मालाचा कोड यादीशी ताडून बघावा. वर्षाला ५० टनांपर्यंत आणणाऱ्या आयातदाराला सूट आहे. विजेची बिलं, इंधन आणि घेतलेल्या पोलादाचे कागद महिन्याच्या महिन्याला लावून ठेवावेत. स्वतःचे आकडे दिले नाहीत तर युरोप ठोकळ आकडे लावतो आणि ते महाग पडतात. भारतात कार्बनसाठी भरलेली किंमत तिथे वजा मिळते. म्हणून आपल्या सरकारने २०२३ मध्ये अधिसूचित केलेली कार्बन क्रेडिट योजना नीट चालणं आपल्याच हिताचं आहे. नाहीतर तो पैसा ब्रसेल्सला जाईल.

प्रश्न: मी घरी टॉवेलच्या कडा शिवते. मालक म्हणतात, युरोपच्या टेस्टिंगचा खर्च वाढला म्हणून डझनामागची मजुरी वाढवता येत नाही. खरं आहे का? (एक भगिनी, विडी घरकुल)

ताई, वरच्या पहिल्या उत्तरातला हिशेब बघा. छोट्या कारखान्याला टॉवेलमागे ५० पैसे म्हणजे डझनाला ६ रुपये पडू शकतात. ते त्याला खरंच जाचतात. मोठ्याला डझनाला ६० पैसे. त्यामुळे मालकांना सरळ विचारा: वर्षाला टेस्टिंगचे किती गेले आणि माल किती गेला? भागाकार तुमच्या घरातलं शाळकरी पोरही करून देईल. आकडा सांगायला ते तयार नसतील, तर कारण टेस्टिंग नाही.

दुसरं म्हणजे, तिकडचे मोठे खरेदीदार आता मजुरीचे कागदही मागतात. घरी काम करणाऱ्या बायकांची नावं बहुतेक वेळा कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतात. तुमच्याबरोबर शिवणाऱ्या सगळ्याजणींनी मिळून कामाचं पासबुक मागा: तारीख, डझन, दर, सही. तपासणीला माणूस आला तर मालकांनाही ते दाखवायला बरं पडेल. पुढच्या पत्रात टॉवेलचा साइज आणि सध्याचा दर कळवा, मी दोन-तीन कारखान्यांतले दर विचारून ठेवतो.