वाचकांचे प्रश्न : जर्मनी की ब्रिटन?

प्रश्न : डेटा सायन्सच्या मास्टर्ससाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. एक ब्रिटनमध्ये, लंडनबाहेर, एक वर्षाचा. दुसरा जर्मनीत, सरकारी विद्यापीठात, इंग्रजी माध्यमाचा, दोन वर्षांचा. शिकून झाल्यावर तिथेच नोकरी करायची आहे आणि कर्ज काढावं लागणार आहे. कोणता देश निवडू?

उत्तर : कर्ज आणि नोकरी या दोन्ही गोष्टी तुमच्या प्रश्नात आहेत, म्हणून आमचा कल जर्मनीकडे आहे. पण एका अटीवर: पहिल्या सेमिस्टरपासून जर्मन भाषा शिकायची. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी बहुतेक कंपन्यांचं कामकाज जर्मनमध्ये चालतं. बी१ (भाषेची मधली) पातळीही न गाठता पदवी घेतली, तर अर्ज करायला जागाच थोड्या उरतात.

आधी मुदतींचं बघा. जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. ब्रिटनचा ग्रॅज्युएट रूट, म्हणजे पदवीनंतर तिथे राहून काम करण्याचा व्हिसा, आजवर २ वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तोही १८ महिन्यांचाच मिळेल (पीएचडीला ३ वर्षं). कागदावर दोघं सारखेच झाले, पण फरक त्याआधीच्या काळात पडतो. जर्मनीत दोन वर्षांत कंपनीत अर्धवेळ काम करता येतं, प्रबंधही अनेकदा कंपनीत करता येतो आणि पुढची नोकरी बऱ्याचदा तिथूनच मिळते. ब्रिटनमध्ये सप्टेंबरला पाऊल ठेवलं की मोठ्या कंपन्यांची नवपदवीधरांची भरती सुरू झालेलीच असते. बरीचशी नाताळच्या आत बंद होते. वर्ग लागायच्या आधी बायोडेटा तयार नसेल तर तो हंगाम हुकतो. शिवाय पुढे स्किल्ड वर्कर (नोकरीच्या) व्हिसासाठी परदेशी कर्मचारी ठेवायचा परवाना असलेली कंपनी आणि ठरावीक पगार लागतो. नवख्यांसाठीही वर्षाला किमान ३३,४०० पौंड.

शिकताना कामाची मुभा दोन्हीकडे आहे. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस. ब्रिटनमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, आणि मास्टर्सवाल्यांची इथेच फसगत होते: उन्हाळा प्रबंधाचा असल्याने तोही सत्रातच धरतात, पूर्ण वेळ काम चालत नाही. फ्रीलान्सिंगला तर मनाईच आहे.

आता पैसे. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, फक्त सेमिस्टरचं शुल्क, साधारण १०० ते ३५० युरो. अपवाद नीट बघा: बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात मास्टर्सला त्याहून बरेच जास्त. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवायचे. ते एकदम हाती येत नाहीत, महिन्याला ९९२ सुटतात, तेही तिथे गेल्यावर खातं सुरू करून घेतलं की. नेमक्या त्याच दिवसांत घरमालक अनामत मागतो. कायद्याने ती मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत असू शकते. त्यामुळे पहिल्या दोन महिन्यांसाठी अडीच-तीन हजार युरो वेगळे न्या. नाहीतर खात्यात पैसे असून हात रिकामे. पदवी भारतातली असेल तर एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याची पडताळणी) व्हिसाच्या आधी हवं, त्याला वेळ लागतो.

ब्रिटनमध्ये फीची उरलेली रक्कम आणि राहण्याचा खर्च दाखवायचा असतो: लंडनबाहेर महिन्याला १,१७१ पौंड, ९ महिन्यांचे १०,५३९. लंडनमध्ये हाच आकडा १३,७६१ होतो. सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. एक वर्षाच्या मास्टर्सला व्हिसा वर्षाहून लांब असतो, म्हणून १,१६४ भरावे लागतात. पैसे सलग २८ दिवस खात्यात हवेत आणि २८वा दिवस अर्जाच्या तारखेआधीच्या ३१ दिवसांत पडायला हवा. मध्ये एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पहिल्यापासून. रक्कम दुसऱ्या चलनात असेल तर अर्जाच्या दिवशीचा दर धरतात, म्हणून पाच-दहा टक्के जादा ठेवा. खातं स्वतःचं किंवा आईवडिलांचं चालतं (जन्मदाखला आणि संमतिपत्र जोडून). काका, मोठा भाऊ यांचं चालत नाही. शेअर आणि प्रॉव्हिडंट फंडही नाही.

एक गोष्ट जर्मनीच्या विरोधात सांगायलाच हवी. परीक्षेत नापास झाल्यास बहुतेक ठिकाणी एकूण तीनच संधी असतात. अनिवार्य विषयात तिसऱ्यांदाही नापास झालात तर नाव कमी होतं आणि तोच अभ्यासक्रम दुसऱ्या जर्मन विद्यापीठातही सहसा पूर्ण करता येत नाही. गणित कच्चं असेल तर आधी विषयसूची उघडून बघा.

प्रश्न : वय ३१, लग्न झालेलं आहे. जोडीदाराला सोबत नेता येईल का?

उत्तर : ब्रिटनमध्ये शिकवणीच्या मास्टर्सला नाही. १ जानेवारी २०२४ पासून ती मुभा संशोधनाच्या अभ्यासक्रमांपुरतीच आहे. जर्मनीत पुरेसं उत्पन्न आणि घर दाखवलं तर नेता येतं, जोडीदाराला नोकरीही करता येते. सहसा त्यांना जर्मनची ए१ (अगदी प्राथमिक पातळीची) परीक्षा द्यावी लागते. मात्र तुमचं वय आड येईल. सरकारी आरोग्यविम्याचा विद्यार्थी दर तिशीपर्यंतच असतो. पुढे खासगी विमा किंवा महागडा ऐच्छिक दर. खर्च मांडताना तो पहिल्या ओळीत धरा.

प्रश्न : जर्मनीचा निकाल यायचाय आणि ब्रिटनचं विद्यापीठ अनामत मागतंय. भरू का?

उत्तर : आधी परताव्याच्या अटी वाचा. बहुतेक ठिकाणी व्हिसा नाकारला गेला किंवा प्रवेशाची अट पूर्ण झाली नाही तरच पैसे परत मिळतात. मन बदललं म्हणून नाही. प्रवेश विभागाला ईमेल करून मुदतवाढ मागा, अनेकदा ती मिळते. नाही मिळाली तर एवढी रक्कम गेली तरी चालेल का, हे ठरवूनच भरा. आणि थांबायचं ठरवलंत तर हेही धरा की अनामत भरल्याशिवाय सीएएस क्रमांक (विद्यापीठाने दिलेली प्रवेशनिश्चिती) येत नाही आणि त्याशिवाय व्हिसाचा अर्ज होत नाही.