वाचकांचे प्रश्न: तळघरातील लाकडाची फर्नेस

प्रश्न: गेल्या उन्हाळ्यात आम्ही व्हरमाँटमध्ये एक जुने घर घेतले. तळघरात लाकडावर चालणारी फर्नेस असून तिची गरम हवा पत्र्याच्या नळ्यांमधून सगळ्या खोल्यांत जाते. लाकूड रात्रभर पुरावे म्हणून आम्ही ती ओंडक्यांनी ठासून भरतो आणि हवेची झडप जवळजवळ बंद करतो. धुराड्याच्या सफाईच्या झाकणाआड काळा, चकचकीत थर दिसतो. शिवाय संध्याकाळी स्वयंपाक चालू असताना तळघरात धूर येतो. घरात माझे वृद्ध आईवडील व लहान मूल आहे. यात धोका आहे का?
— एक वाचक, व्हरमाँट

उत्तर: होय, आहे. धुराड्याची तपासणी होईपर्यंत ही फर्नेस पेटवू नये आणि तोवर उबेची दुसरी जी सोय असेल तिच्यावर भागवावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

आपण पाहिलेला थर क्रिओसोटचा आहे. झडप बंद केली की लाकूड जळत नाही, नुसते धुमसते; त्यातून निघालेल्या डांबरी वाफा न जळताच वर जातात आणि धुराड्याचा आतला भाग साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली गेला की त्या तेथे गोठतात. हा थर पुनःपुन्हा तापून काचेसारखा कडक झाला की साध्या ब्रशने निघत नाही, त्यासाठी जाणकार माणूसच बोलवावा लागतो. थराने पेट घेतल्यास धुराड्यातील तापमान ११०० अंशांच्या आसपास जाऊ शकते, आतील भाजलेल्या मातीचे अस्तर तडकते आणि उष्णता भिंतीतील लाकडी सांगाड्यापर्यंत पोहोचते. धुराड्यातून घोंघावल्यासारखा मोठा आवाज येऊ लागला, तर सर्वांनी तत्काळ घराबाहेर पडून ९११ ला फोन करावा. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या २११ क्रमांकाच्या मानकानुसार धुराड्याची तपासणी वर्षातून किमान एकदा झालीच पाहिजे. त्याच वेळी तेलाच्या बर्नरचा धूर याच धुराड्यात सोडलेला नाही ना, हेही पाहून घ्यावे. जुन्या घरांत अशी जोडणी आढळते आणि ती धोकादायक असते.

यापुढे रात्रीसाठी फर्नेस ठासून भरण्याची सवय सोडावी. थोडे, पण कोरडे लाकूड पुरेशा हवेवर ज्वाळेने जळू द्यावे. मध्यरात्री उठावे लागले तरी चालेल. लाकडातील ओलावा २० टक्क्यांहून कमी हवा. मेपल व बर्च फोडून, वरून झाकून, बाजूंनी वारा लागेल असे रचल्यास त्यांना निदान एक पूर्ण उन्हाळा लागतो, तर ओकला बहुधा दोन. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र स्वस्तात मिळते. मात्र ओंडका फोडून आतल्या ताज्या पृष्ठभागावर त्याच्या सुया टोचाव्यात, कारण बाहेरची बाजू नेहमीच अधिक सुकलेली असते. जळताना ओंडक्याच्या टोकाला पाणी फसफसून चर्र आवाज होत असेल, तर ते लाकूड या हिवाळ्याचे नव्हे.

संध्याकाळच्या धुराचे कारण बहुधा वरच्या मजल्यावर आहे. फोडणीचा ठसका घरभर पसरू नये म्हणून आपल्यापैकी अनेक जण चुलीवर जोरदार हूड बसवून घेतात. तो जितकी हवा बाहेर फेकतो तितकी कुठून तरी आत यावी लागते आणि खिडक्यादारे घट्ट बंद असली की ती धुराड्यातून उलटी खाली येते, सोबत धूर व कार्बन मोनॉक्साइडही आणते. म्हणूनच तेथील आदर्श निवासी बांधकाम संहिता मिनिटाला ४०० घनफुटांहून अधिक हवा ओढणाऱ्या हूडसाठी, घरात अशी धुराड्यावर चालणारी उपकरणे असल्यास, बाहेरून भरपाईची हवा आणण्याची व्यवस्था मागते. ती होईपर्यंत हूड चालू असताना तळघराची खिडकी दोन-तीन बोटे उघडी ठेवावी आणि त्या वेळी फर्नेसचे दार उघडू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. त्याचे सूचक यंत्र प्रत्येक मजल्यावर व झोपण्याच्या खोल्यांबाहेर असायलाच हवे. खोल्यांतील गरम हवेच्या जाळीतून धुराचा वास येऊ लागला, तर फर्नेसच्या आतील पत्र्याला तडा गेलेला असू शकतो. अशा वेळी ती लगेच बंद करावी.

वादळाचा इशारा असेल त्या दिवशी फर्नेस कमीच भरावी. वीज गेल्यास पंखा थांबतो, उष्णता नळ्यांच्या तोंडाशी साठते आणि पेटलेले लाकूड काही विझवता येत नाही. अशा वेळी काय करायचे, हे आपल्या फर्नेसच्या पुस्तिकेत आधीच वाचून ठेवावे.

प्रश्न: फर्नेसची राख मेथीच्या वाफ्यात घातली तर चालेल का?
— एक वाचक, मिशिगन

उत्तर: पूर्ण थंड झाल्यावर चालेल. राखेतील निखारे कित्येक दिवस जिवंत राहतात, म्हणून ती घट्ट झाकणाच्या धातूच्या बादलीत, घरापासून किमान १० फूट दूर, लाकडी डेकवर नव्हे तर जमिनीवर ठेवावी. कागदी पिशवीत किंवा प्लास्टिकच्या डब्यात कधीही भरू नये. राखेने मातीची आम्लता कमी होते, त्यामुळे माती तपासून, पातळच पसरावी आणि ब्लूबेरी व बटाट्याला देऊ नये. रंगवलेले किंवा रसायन मुरवलेले लाकूड मुळात जाळूच नये. २००३ पर्यंत घरगुती वापरासाठी विकल्या गेलेल्या तशा लाकडात आर्सेनिक असे आणि ते राखेत उतरते.